एक ताम्रपट आणि पहिलं वर्ष

दहावीचा निकाल लागला की नागपुरातल्या घराघरांत एक प्रश्न ऐकू येतो आणि विचारणाऱ्याच्या सुरातच त्याचं उत्तर असतं : ‘‘आर्ट्स घेतलं? काहून, मार्क कमी पडले का?’’ सायन्सला नंबर लागला नाही म्हणून कॉमर्स, कॉमर्सची यादी बंद झाली म्हणून आर्ट्स, अशी ही उतरंड. मी राहतो त्या धंतोलीत तर ती पाट्यांवरच वाचायला मिळते. गल्लीगल्लीत इस्पितळं, पॅथॉलॉजी लॅब, औषधांची दुकानं, मधूनमधून वकिलांची ऑफिसं. इतिहासाच्या पदवीधराची पाटी कुठेच नाही, आणि लावायची म्हटली तर तिच्यावर लिहायचं काय हाही प्रश्नच. पुढची गंमत मात्र या उतरंडीत कोणी सांगत नाही. याच मुलांपैकी कितीतरी जण इंजिनिअरिंगची पदवी घेऊन बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जाऊन बसतात आणि त्यांच्यापुढे उघडलेलं असतं ते इतिहासाचं, राज्यशास्त्राचं नाहीतर समाजशास्त्राचं पुस्तक. सोळाव्या वर्षी ज्या विषयाला नाक मुरडलं तोच यूपीएससीला ऑप्शनल म्हणून घ्यायचा. फक्त आता तो घाईत वाचायचा, नोट्समधून आणि गुणांच्या हिशेबाने.

हे पुस्तक त्या घाईच्या आधी वाचायचं आहे. पदवीच्या पहिल्या वर्षी मानव्यविद्यांशी ज्यांची नव्याने गाठ पडते त्या मुलामुलींसाठी नागपूर आणि आसपासच्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्या काही प्राध्यापकांनी ते लिहिलं आहे. त्यांनी प्रस्तावना माझ्याकडे मागितली याचं कारण बहुधा एवढंच, की मी आता कोणत्याही अभ्यास मंडळावर नाही आणि मला कोणाची मर्जी राखायची नाही.

पुस्तकाची निकड निर्माण झाली ती नव्या धोरणामुळे. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून पहिल्या वर्षाला लागू झालं आणि मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह हे शब्द टाइमटेबलवर उतरले. ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचं घ्यायचं असतं. त्यामुळे बी.कॉम.ची मुलगी इतिहासाच्या तासाला आणि बी.एस्सी.चा मुलगा साहित्याच्या तासाला येऊन बसू लागला. शिकवणाऱ्यांची पंचाईत झाली. एका सेमिस्टरमध्ये या मुलांना तपशील द्यायचा तरी किती? आणि ज्या रीतीने तपशिलाचा अर्थ लावायचा ती रीत सांगायची केव्हा? आमच्या पिढीने तपशील दिला आणि रीत मुलांनी आपोआप उचलावी अशी अपेक्षा केली. काहींनी उचलली. बाकीच्यांनी ‘टिपा लिहा’ची उत्तरं पाठ केली.

कला शाखेच्या एका छपराखाली बरीच बिऱ्हाडं आहेत. भाषा आणि साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान हे जुने रहिवासी. चित्र, शिल्प, संगीत, नाटक हे खरे तर घरचे मालक, पण त्यांना बहुतेक महाविद्यालयांत खोलीच मिळालेली नाही. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मानसशास्त्र यांना सामाजिक शास्त्रं म्हणायचं. ती मोजमापाशी अधिक सलगी करतात, पण सर्वेक्षणातला प्रश्न कसा विचारला यावर उत्तर फिरतं हे कळलं की पुन्हा याच अंगणात येतात. या भिंती वेळापत्रकाने घातलेल्या आहेत, अभ्यासाच्या वस्तूला त्या ठाऊक नसतात. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त अंगणात बंद पडलेला एक ट्रॅक्टर आहे आणि अंधारात माणसं त्याला ठेचकाळतात. नाटकाच्या प्राध्यापकाला त्यात रंगमंचावरची एक योजना दिसेल. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला फसलेली गुंतवणूक दिसेल, समाजशास्त्राच्याला शेतात न उतरणारं जमीनदार घर. तिघांनाही तो ट्रॅक्टर लागतोच.

या सगळ्या बिऱ्हाडांना बांधणारी गोष्ट म्हणजे माणसांनी केलेल्या, बोललेल्या, लिहिलेल्या, घडवलेल्या गोष्टींचा अर्थ लावणं आणि लावलेल्या अर्थाला पुरावा देणं. यातला दुसरा भाग लोक विसरतात. पहिल्या वर्षाच्या मुलांचा एक ठाम समज असतो की सायन्समध्ये उत्तर एकच असतं आणि आर्ट्समध्ये प्रत्येकाचं मत बरोबर असतं. या शाखेचं एवढं नुकसान दुसऱ्या कशानेही केलेलं नाही. मत सगळ्यांनाच असतं, त्यासाठी कॉलेजात यावं लागत नाही. दोन मतांपैकी कोणतं अधिक टिकतं आणि का, हे सांगता येणं ही शिकायची गोष्ट आहे आणि ती कष्टाची आहे. ती कशी चालते हे लांबून सांगण्यापेक्षा एकच वस्तू हातात घेऊन पाहू.

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर नावाचं गाव आहे. तिथे वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा पाचव्या शतकातला ताम्रपट सापडला. ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. नवरा लवकर वारला, मुलं लहान होती, म्हणून राज्यकारभार तिने पाहिला. ताम्रपटात एका दानाची नोंद आहे : कोणी दिलं, कोणाला दिलं, कुठून दिलं, काय दिलं. आजच्या भाषेत बक्षीसपत्रच. रजिस्ट्रार कचेरीतल्या कागदाइतकाच रूक्ष मजकूर.

त्याचे एक वाचक होते महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी. कोकणातून येऊन ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवत. वाकाटकांच्या लेखांचा त्यांनी संपादित केलेला खंड १९६३ साली प्रसिद्ध झाला आणि आजही त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही. मिराशींनी बोट ठेवलं ते ‘कुठून’ या तपशिलावर. हे दान रामगिरीच्या स्वामींच्या चरणांपाशी दिल्याचं ताम्रपट सांगतो. मेघदूतातला यक्ष शाप भोगतो तो रामगिरीवर, आणि त्या डोंगरावर रामाची पावलं उमटलेली असल्याचं कालिदास सांगतो. एक राजकीय दस्तऐवज आणि एक काव्य, दोन्हींत रामगिरी आणि दोन्हींत पावलं. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकच्या पायथ्याजवळचं नगरधन. तेव्हा रामगिरी म्हणजे रामटेक, असा मिराशींचा निष्कर्ष. काही अभ्यासकांनी सरगुजातल्या रामगढचा पक्ष घेतला होता, पण मिराशींनी ढगाची वाट, वाटेतल्या नद्या आणि प्रदेश नकाशावर लावून पाहिले आणि त्या पक्षाला उत्तर दिलं. पुढे रामटेकच्या केवल नरसिंह मंदिराच्या भिंतीवर वाकाटककालीन लेख उजेडात आला. अलीकडे नगरधनच्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. रामटेकची बाजू भक्कम होत गेली.

मात्र इथेच विद्यार्थ्याने थांबून विचारायचं असतं की नेमकं सिद्ध काय झालं. वाकाटकांची रामगिरी रामटेकला होती, ही एक गोष्ट. कालिदासाच्या मनातली रामगिरी तीच होती, ही दुसरी. कालिदास स्वतः इथे येऊन राहिला होता, ही तिसरी. पहिलीला भक्कम आधार आहे, दुसरीला चांगला आहे, तिसरीला फार थोडा. रामटेकवर कालिदासाचं स्मारक आहे, तिथे जावं, पावसाळ्यात तर जरूर जावं. पण स्मारक उभं राहिलं म्हणून पुरावा उभा राहत नाही. एका दमात बोलल्या जाणाऱ्या या तीन वाक्यांना वेगवेगळं वजन देता येणं, याला मी मानव्यविद्यांचं शिक्षण म्हणतो. बाकीचं सारं त्याचा विस्तार.

आता तोच पत्रा दुसऱ्यांच्या हातात देऊ. दामोदर कोसंबींचं भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारं पुस्तक १९५६ साली आलं, रामशरण शर्मांचं भारतीय सरंजामशाहीवरचं १९६५ साली. या धाटणीच्या इतिहासकारांना रामाच्या पावलांशी कर्तव्य नाही. ते विचारतात : राजसत्ता जमिनीवरचे आपले हक्क सोडून का देत होती? वाकाटकांच्या दानपत्रांत सवलतींची यादी येते. सैनिकांनी गावात शिरायचं नाही, चारा, चामडं, कोळसा, मीठ यांवर सरकारी मागणी करायची नाही. म्हणजे हे सगळं एरवी गावाकडून घेतलं जात होतं. सवलतींची यादी उलटी करून वाचली की करांची यादी हाती येते. शर्मांचा सरंजामशाहीचा सिद्धांत पुढे अनेकांनी खोडायचा प्रयत्न केला आणि तो वाद अजून मिटलेला नाही, पण दानपत्र उलटं वाचायची युक्ती साऱ्यांनीच उचलली.

स्त्रीवादी इतिहासकारांनी आणखी वेगळी ओळ निवडली. वाकाटकांची राणी आपल्या ताम्रपटात वंशावळ देते ती माहेरची, गुप्तांची. गोत्र सांगते तेही वडिलांचं. लग्नानंतर बाईचं कुळ आणि गोत्र बदलतं, ही आपण ‘पूर्वीपासूनची’ म्हणतो ती रीत पाचव्या शतकातल्या विदर्भात या राणीला लागू नव्हती, निदान तिने ती जुमानली नव्हती. वडील सम्राट होते म्हणून तिला ते जमलं, की तेव्हा प्रथाच तशी होती? एका ताम्रपटावरून याचं उत्तर देऊ नये. पण मिराशींच्या पिढीने ही वंशावळ पाहिली ती गुप्त आणि वाकाटक यांची सांगड घालण्यासाठी. ओळ तीच होती, तिला विचारलेला प्रश्न नवा होता.

आणि मग तो प्रश्न, जो १९५६च्या धर्मांतरानंतरच्या नागपुरात विचारला गेला नसता तरच नवल : या ताम्रपटात नाही ते कोण? दान देणाऱ्यांची नावं आहेत, घेणाऱ्यांची आहेत. जमीन कसणाऱ्यांचं काय? गावकुसाबाहेर राहणाऱ्यांचं काय? ज्यांना लिहूच दिलं नाही त्यांचा इतिहास लिहिलेल्या कागदांतून कसा काढायचा? हा प्रश्न केवळ रागाचा नाही, तो पद्धतीचा प्रश्न आहे, आणि गेल्या अर्धशतकात मानव्यविद्यांत जे नवं घडलं त्यातलं पुष्कळसं या प्रश्नाला उत्तर शोधताना घडलं. सीताबर्डीजवळच्या महारपुऱ्यात वाढलेल्या वसंत मून यांनी ‘वस्ती’ लिहिलं. हेच मून राज्य शासनासाठी बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड संपादित करत होते. म्हणजे एका हाताने महानेत्याचा शब्द न् शब्द जपायचा आणि दुसऱ्या हाताने आपल्या मोहल्ल्यातली तालीम, भांडणं, सण, उपास लिहून ठेवायचे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ साली आलं. आंबेडकरी चळवळीतल्या वृद्ध बायकांना गाठून, त्यांच्याशी बोलून ते लिहिलेलं आहे. जुलै १९४२मध्ये नागपुरात भरलेली दलित महिला परिषद काय होती हे सरकारी दप्तरातून जेवढं कळतं त्याहून किती तरी अधिक अशा पुस्तकांमुळे कळतं.

साक्षीदाराला गाठून विचारायचं, हे आपल्याकडे नवीन आहे असं मात्र कोणी समजू नये. त्यासाठी पुन्हा रिद्धपूरलाच जावं लागतं. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी गोळा केल्या त्या याच परिसरात. स्वामींना पाहिलेल्या, ऐकलेल्या माणसांकडे तो गेला, त्यांच्याकडून लीळा मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. मूळ पोथी पुढे नष्ट झाली, शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा सिद्ध केली, पाठभेद झाले आणि पंथाने ते पाठभेद दडपून टाकण्याऐवजी जपले. सकळ लिपी या पंथाच्या सांकेतिक लिपीच्या कुलपात हे सारं काही शतकं राहिलं. विसाव्या शतकात विष्णु भिकाजी कोलते यांनी पोथ्या ताडून ‘लीळाचरित्र’ची प्रत सिद्ध केली. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेल्या या माणसाची खरी हयात गेली ती कोणत्या पोथीतला कोणता शब्द आधीचा हे ठरवण्यात. पाठचिकित्सा, मौखिक इतिहास, स्मृतीचा अभ्यास अशी भारदस्त नावं परदेशी ग्रंथांतून आपल्याकडे येतात, तेव्हा मला म्हाइंभटाची पायपीट आठवते. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. त्याने पहिली काही वर्षं याच एका विषयाला दिली तरी पुष्कळ होईल.

बाहेरच्या जगात या विद्यांचा प्रवास निराळ्या वळणाने झाला. इटलीतल्या प्रबोधनकाळात व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र या पाच विषयांचा एक गट ईश्वरशास्त्रापासून वेगळा ओळखला जाऊ लागला. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत विल्हेल्म डिल्टाय यांनी वाद घातला की निसर्गाचं स्पष्टीकरण द्यायचं असतं, माणसाला समजून घ्यायचं असतं, आणि दोन्हींच्या रीती वेगळ्या. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या सगळ्या विद्यार्थ्यांसाठी समकालीन संस्कृतीवरचा एक सामाईक अभ्यासक्रम सुरू झाला. ‘ओळख करून देणारा अभ्यासक्रम’ या कल्पनेचा तो एक पूर्वज मानला जातो. आपल्याकडे पंचविद्या होत्या, चौसष्ट कलांची यादी होती, भरताचा रसविचार होता. त्यांची तुलना युरोपीय गटांशी ओढूनताणून करू नये, असं माझं मत. प्रत्येकाचे प्रश्न वेगळे होते.

आपलं कॉलेज मात्र सरळ परक्या साच्यातून आलं, हे मान्य करायला हरकत नसावी. १८५४मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६१मध्ये मध्य प्रांत तयार झाला, १८८३मध्ये हिस्लॉप कॉलेज आणि १८८५मध्ये मॉरिस कॉलेज निघालं. परीक्षा घ्यायला विद्यापीठ आधी कलकत्त्याचं, मग अलाहाबादचं. नागपूरचं स्वतःचं विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालं. त्याच वर्षी विदर्भ साहित्य संघही निघाला, हा योगायोग नसावा. मात्र त्या साच्यात ओतलेली माणसं साच्यासारखी निघाली नाहीत. स्टीफन हिस्लॉप आला धर्मप्रसाराला, पण त्याने इथले खडक आणि जीवाश्म अभ्यासले, गोंडांच्या लिंगोची गाथा उतरवून घेतली आणि १८६३मध्ये नदी ओलांडताना बुडून वारला. त्याची टिपणं १८६६ साली रिचर्ड टेंपलने छापली. भूगर्भशास्त्र आणि लोककथा यांच्यात त्याला भिंत दिसली नव्हती. अर्थात गोंडांची गाथा मिशनऱ्याच्या वहीत जाताना काय गाळलं गेलं हा प्रश्न उरतोच, आणि गोंडी अभ्यासक तो आज विचारत आहेत.

कुसुमावती देशपांडे नागपुरात इंग्रजी शिकवत आणि मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा इतिहास लिहीत. १९६१मध्ये ग्वाल्हेरला साहित्य संमेलनाच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतून समाजशास्त्र शिकून आले आणि मराठीत ज्ञानकोश काढायचा म्हणून कंपनी उभारली ती नागपुरात. ज्ञानकोश पुढे पुण्याला गेला आणि आपण तो पुण्याचाच समजतो. केतकरांनी जातिसंस्थेवरचं आपलं इंग्रजी पुस्तक १९०९ साली छापलं होतं. मे १९१६मध्ये कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी जातींच्या उगमावर निबंध वाचला, त्यात त्यांनी केतकरांच्या व्याख्येची कदर केली आणि चूकही दाखवली : ज्या दोन लक्षणांना केतकर वेगळं मानतात ती एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. हा मतभेद मी वर्गात नेहमी वाचून दाखवत असे. विरोधकाचं म्हणणं आधी न्यायाने मांडायचं आणि मग नेमक्या सांध्यावर घाव घालायचा, याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा मिळणं कठीण. टीव्हीवरच्या चर्चा पाहून वाद घालायला शिकलेल्या मुलांना तो आधी मिळमिळीत वाटतो. दुसऱ्या वाचनाला नाही वाटत.

वर्गाची परिस्थिती काय आहे हे लपवण्यात अर्थ नाही. मुलं गाईड वाचतात, आणि गाईड वाचतात म्हणून त्यांना दोष देणं सोपं आहे. प्रश्नपत्रिका जर ‘महत्त्व विशद करा’ असंच विचारणार असेल तर मूळ पुस्तक उघडायचं कशाला? मराठीतलं मूळ लेखन ग्रंथालयाच्या कपाटात कुलूपबंद, इंग्रजीतलं अनेकांना जड, आणि मधल्या मराठी पाठ्यपुस्तकांची भाषा पुष्कळदा अशी की तिच्यापेक्षा इंग्रजी परवडलं. या लेखकांनी निदान मराठी बोलत्या माणसाची ठेवली आहे. ‘स्ट्रक्चरलिझम’ला संरचनावाद म्हणून ते गप्प बसत नाहीत, दोन पानं खर्ची घालून समजावतात.

आजच ही विद्या का हवी, याची कारणं शोधायला मला धंतोलीबाहेर जावं लागत नाही. इथल्या इस्पितळांत येणारे नवे डॉक्टर ज्या अभ्यासक्रमातून येतात त्यात २०१९पासून रुग्णाशी वागणं, बोलणं आणि नीती यांचा वेगळा भाग घातला आहे. भंडारा-गडचिरोलीहून आलेला म्हातारा आपलं दुखणं ज्या शब्दांत सांगतो ते शब्द ऐकू येणं हेही कौशल्य आहे, हे वैद्यकीय शिक्षणाने मान्य केलं. दुसरं कारण याहून मोठं आहे. मोबाइलवर दिवसभर इतिहास येत असतो : कोणाचा किल्ला, कोणाचं मंदिर, कोण मूळचं आणि कोण उपरं. त्यात वर सांगितलेल्या तीन वाक्यांचं मिश्रण असतं, पहिल्याचा पुरावा दाखवून तिसरं गळी उतरवलेलं. तिसरं कारण अगदी ताजं. संगणक आता क्षणात निबंध लिहून देतो, तोही बरा. त्यात खोटा संदर्भ कुठे आहे, कोणती बाजू गुळगुळीत करून टाकली आहे, हे ओळखणारा वाचक तयार झाला नाही तर निबंध माणसाने लिहिला काय आणि यंत्राने लिहिला काय, सारखंच.

नोकरीचं काय, असं पालक विचारतील, आणि विचारावंच. या विषयांनी नोकरी मिळते असं सांगून मुलं गोळा करणाऱ्या माहितीपत्रकांवर माझा विश्वास नाही. शिक्षण, पत्रकारिता, प्रकाशन, भाषांतर, प्रशासन, संग्रहालयं, सामाजिक संस्था, जाहिरात या क्षेत्रांना ही माणसं लागतात, पण लागतात तेवढी घेतली जात नाहीत आणि घेतली तर कंत्राटावर. महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आणि तासिका तत्त्वावर भरलेल्या आहेत. या पुस्तकाच्या लेखकांपैकी काहींची स्थिती तीच आहे. हे पुस्तक त्यांनी त्या तासांच्या मधल्या वेळात लिहिलं.

त्यांनी काय साधू पाहिलं आहे ते थोडक्यात सांगतो. विषयवार माहिती द्यायचं त्यांनी टाळलं. पुस्तक वस्तूंभोवती रचलेलं आहे : एक शिलालेख, एक कविता, एक छायाचित्र, एक खटला, एक गाव. प्रत्येक वस्तू दोन-तीन विद्याशाखांच्या हातून जाते आणि त्यांचं एकमत होत नाही. मतभेद तसाच ठेवला आहे, ‘दोन्ही बाजू आपापल्या परीने योग्य’ असं म्हणून तो मिटवलेला नाही. बहुतेक ठिकाणी लेखक शेवटी आपला कौल देतात आणि कारण सांगतात.

मला सर्वांत आवडला तो लग्नपत्रिकांचा स्वाध्याय. आपल्या घरातल्या तीन पिढ्यांच्या पत्रिका शोधून आणायच्या आणि ताम्रपटासारख्या वाचायच्या. निमंत्रक कोण, नावांचा क्रम काय, वधूच्या आईचं नाव कोणत्या साली पहिल्यांदा छापलं गेलं, कुलदैवताची कृपा कधी गेली, ‘मंगल परिणय’ आणि बुद्ध-बाबासाहेबांची चित्रं कोणत्या पत्रिकेपासून आली, पदव्या नावापुढे कधी लागू लागल्या, ‘आहेर आणू नये’ हे कोण छापतं आणि कोण छापत नाही. एका वर्गात हा प्रयोग झाला तेव्हा मी मागच्या बाकावर बसलो होतो. कॉमर्सच्या एका मुलीने तिच्या आजीची पत्रिका आणली होती. तीत आजीचं नाव लहान टाइपात एकदाच होतं, माहेरचं. सासरचं नाव लग्नात बदललेलं, ते पत्रिकेत येणारच कसं? आजी घरात ज्या नावाने ओळखली जाते ते नाव तिच्या लग्नाच्या कागदावर नाही, हे लक्षात आल्यावर ती मुलगी आपणहून प्रभावतीगुप्तेच्या वंशावळीकडे वळली आणि विचारू लागली की राणीचं पाळण्यातलं नाव हेच होतं कशावरून. या प्रश्नाचं उत्तर शिक्षकांनाही देता आलं नाही. तास लांबला.

पुस्तकात उणिवा आहेत. संगीतावर स्वतंत्र प्रकरण नाही. विदर्भातल्या दंडार, खडी गंमत या लोकनाट्यांवर चार ओळी आणि गोंडी भाषेवर तर जेमतेम एक पान, तेही हिस्लॉपच्या निमित्ताने. ज्या शहरात मुक्तिबोधांसारखं घर एका भावाच्या हातून हिंदीला आणि दुसऱ्याच्या हातून मराठीला मिळालं, त्या शहरातल्या पुस्तकात हिंदी-मराठीच्या शेजाराला याहून जागा हवी होती. मी हे लेखकांना सांगितलं. पानांची मर्यादा आहे असं ते म्हणाले, आणि पुस्तकाची किंमत विद्यार्थ्याला परवडायला हवी हे मलाही पटलं. संगीताचं प्रकरण दुसऱ्या आवृत्तीत घालायचं त्यांनी कबूल केलं आहे.

स्वाध्यायांची उत्तरं मागे छापलेली नाहीत, कारण पुष्कळांची लेखकांकडेही नाहीत. ज्या महाविद्यालयांत हे पुस्तक लागेल तिथल्या परीक्षकांना एक विनंती : निदान एका प्रश्नात मुलांपुढे न पाहिलेला कागद ठेवा, एखादी जाहिरात, जुनं पत्र, सातबाराचा उतारा, आणि त्यावरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही एवढंच विचारा. तपासायला वेळ लागेल.

धंतोली, नागपूर